हर्पीस विषाणूची प्रथिनं पेशीत कुठे असतात, आणि कुठे असल्यासारखी दिसतात

पेशीपुराण (धागाकर्ता)

नागिणीच्या लशीवरच्या धाग्यात चर्चा जीई (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन) वर आली आणि कुणीतरी विचारलं, "हे प्रथिन पेशीत असतं तरी कुठे?" तिथे उत्तर लिहिलं असतं तर अवांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा. उदाहरण नागिणीच्या विषाणूच्याच घराण्यातल्या हर्पीस सिम्प्लेक्स-१ चं घेतो, कारण ओठांवर फोड आणणाऱ्या या विषाणूवर सगळ्यात जास्त काम झालंय. बाकी भावंडांबद्दल जाणकारांनी खाली भर घालावी.

कणाची रचना आधी. आत सुमारे १५२ हजार बेसजोड्यांचा डीएनए, त्याभोवती १२५ नॅनोमीटर व्यासाचं वीस बाजूंचं कॅप्सिड, त्याभोवती टेग्युमेंट नावाचं प्रथिनांचं दाट अस्तर, आणि सगळ्यांत बाहेर मेदाचं आवरण. या आवरणात ग्लायकोप्रथिनं (साखरेच्या साखळ्या लागलेली प्रथिनं; जीबी, जीसी, जीडी, जीई ही त्यांतलीच) रोवलेली असतात.

कॅप्सिडचा हिशेब सुबक आहे. मुख्य प्रथिन व्हीपी५, जनुक यूएल१९, वजन १४९ किलोडाल्टन. सहा-सहाच्या १५० हेक्सॉन म्हणजे ९०० रेणू. बारा शिरोबिंदूंपैकी अकरांवर पाच-पाचचे पेंटॉन, म्हणजे ५५. एकूण ९५५. बाराव्या शिरोबिंदूवर व्हीपी५ नसतंच. तिथे यूएल६ च्या बारा रेणूंचं दार असतं आणि डीएनए तिथूनच आत भरला जातो. हेक्सॉनच्या टोकांवर व्हीपी२६ च्या ९०० छोट्या टोप्या, पेंटॉनवर मात्र नाहीत. मधल्या फटी सांधणारे ३२० ट्रिप्लेक्स, प्रत्येकात एक व्हीपी१९सी आणि दोन व्हीपी२३.

आता जागा. ही सगळी प्रथिनं तयार होतात सायटोप्लाझ्मात, पण कॅप्सिडची बांधणी होते केंद्रकात. गंमत म्हणजे व्हीपी५ कडे केंद्रकात शिरायचा स्वतःचा परवाना नाही. ते व्हीपी१९सी किंवा पूर्व-व्हीपी२२ए या पाडाच्या (बांधणीपुरत्या परांचीच्या) प्रथिनाचं बोट धरून आत जातं. व्हीपी२३ ला व्हीपी१९सी लागतं. व्हीपी२६ ला आधी व्हीपी५ लागतं आणि त्या व्हीपी५ ला वरच्या दोघांपैकी एक. म्हणून नुसत्या व्हीपी५ चा प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) पेशीत घालून "हे केंद्रकात जमत नाही" असा निष्कर्ष काढला तर तो त्या प्लाझ्मिडपुरता खरा. संक्रमित पेशीला लावलात तर चुकलात.

बांधणीनंतर यूएल२६ चं प्रोटिएज पाड कापतं, डीएनए आत येतो, पाड बाहेर जातो. भरलेलं कॅप्सिड यूएल३१ आणि यूएल३४ या जोडीच्या मदतीने केंद्रकाच्या आतल्या पटलातून फुगवटा काढून दोन पटलांमधल्या जागेत येतं, बाहेरच्या पटलाशी आवरण विलीन करून सायटोप्लाझ्मात उघडं उतरतं, टेग्युमेंट चढवतं, आणि गॉल्जीपलीकडच्या किंवा एंडोसोमच्या पिशव्यांमध्ये शिरून नवं, कायमचं आवरण घेतं. पहिलं आवरण वाटेतच टाकायचं आणि दुसरं घ्यायचं, हा उद्योग आता बहुतेकांना मान्य आहे.

---

तळटीप

वाचतोय. एक शंका. व्हीपी१६ हे टेग्युमेंटमधलं प्रथिन मानतात, पण चित्रांत ते केंद्रकात लख्ख दिसतं. मग ते रचनेचं प्रथिन की नियंत्रणाचं?

---

अणुरेणू

@तळटीप, दोन्ही. व्हीपी१६, जनुक यूएल४८, कणाबरोबर पेशीत येतं, एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१ या पेशीच्याच प्रथिनांना धरून केंद्रकात जातं आणि विषाणूची पहिली जनुकं चालू करतं. पुढे नव्याने बनलेलं व्हीपी१६ आधी केंद्रकात, डीएनए जिथे दुप्पट होतो त्या कप्प्यांच्या आसपास दिसतं, आणि उशिरा सायटोप्लाझ्मात वाढतं, कारण नव्या कणांवर चढायचं असतं. शिवाय यूएल४१ हे आरएनए तोडणारं प्रथिन काबूत ठेवायचं कामही त्याच्याकडेच.

त्यामुळे "अमुक प्रथिन कुठे असतं?" या प्रश्नात "कितव्या तासाला?" हे धरलेलंच असतं. व्हेरो पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशी), प्रति पेशी ५ संसर्गकण असं धरलं तर ढोबळ वेळापत्रक असं:

२ तास: बाहेरून आलेली कॅप्सिडं सूक्ष्मनलिकांवरून डायनीन या वाहक प्रथिनाच्या ओढीने केंद्रकाच्या कडेला पोचलेली. व्हीपी५ चे बारीक ठिपके, केंद्रकाभोवती कडं. मात्र ५ कणांत हे ठिपके शोधावे लागतात, नीट पाहायचे तर ५० ते १०० लागतात.

४ ते ६ तास: नवीन जीडी आणि व्हीपी५ दिसू लागतात. व्हीपी५ थोडं सायटोप्लाझ्मात पसरलेलं, बरंचसं केंद्रकात.

८ ते १२ तास: केंद्रकात व्हीपी५ दाट. व्हीपी१६ दोन्हीकडे. जीबी आणि जीडी एंडोप्लाझ्मिक जाळं, गॉल्जी, केंद्रकाची कड आणि पेशीपृष्ठ अशा सगळ्या ठिकाणी.

१६ तासांपुढे: पेशी गोल झालेल्या, सगळं सगळीकडे. या वेळचं चित्र जागेबद्दल बोलायला निरुपयोगी, तरी सगळ्यात जास्त चित्रं याच वेळची का काढतात देव जाणे. प्रकाश जास्त मिळतो म्हणून असावं.

बाहेरून आलेलं आणि नवं बनलेलं वेगळं करायचं असेल तर सायक्लोहेक्झिमाइड, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, संसर्गाच्या आधीपासून शेवटपर्यंत. नवं प्रथिन बनतच नाही, जे दिसतं ते आलेलं.

---

पेशीपुराण

+१. आणि जीसी हे खऱ्या अर्थाने उशिराचं आहे. डीएनए दुप्पट होणं फॉस्फोनोअॅसिटिक आम्लाने थांबवलं तर जीसी जवळजवळ गायब होतं, व्हीपी५ आणि जीडी घटतात पण राहतात. तुमच्या जीसीच्या प्रतिपिंडाने (त्या प्रथिनाला चिकटणारा, चमकत्या रंगाने दिसणारा रेणू) औषध घातलेल्या पेशीतही तेवढाच उजेड दिला तर तो उजेड जीसीचा नाही.

---

काचपट्टी

करून बघणाऱ्यांसाठी प्रतिदीप्तीची (चमकत्या रंगाच्या प्रतिपिंडाने प्रथिन पाहायची) पद्धत टाकतो. सगळं काम दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीवर, पेशी स्थिर होईपर्यंत तबकडी हूडबाहेर न्यायची नाही, उरलेलं माध्यम हायपोक्लोराइटमध्ये.

२४ खळ्यांच्या तबकडीत १२ मिलिमीटरची गोल काच, जाडी १.५ नंबर. पॉलिलायसीनचा थर द्याच, कारण संक्रमित पेशी उशिरा सुटतात आणि धुताना आधी वाहून जातात त्या सगळ्यात जास्त संक्रमित असलेल्याच. म्हणजे काचेवर उरतो तो निवडलेला नमुना. दर खळ्यात १ लाख व्हेरो पेशी, रात्रभर बसू द्या.

विषाणूचा साठा १० कोटी संसर्गकण प्रति मिलिलिटर धरला तर प्रति पेशी ५ च्या प्रमाणासाठी खळ्याला ५ मायक्रोलिटर. ते २०० मायक्रोलिटर माध्यमात मिसळून १ तास ३७ °से. ला, दर दहा मिनिटांनी हलवत. मग पीएच ३ च्या सायट्रेट बफरने १ मिनिट धुवा, म्हणजे आत न शिरलेले कण निकामी होतात. मिनिटापेक्षा जास्त ठेवलं तर पेशी रुसतात. लगेच दोनदा साध्या माध्यमाने धुवा आणि इथून तास मोजा.

प्रमाणाचा हिशेब पॉइसनच्या संभाव्यतेच्या सूत्राने करा. प्रति पेशी ५ कण असतील तर ०.७% पेशी कोऱ्या राहतात, १ असेल तर ३७%. त्यामुळे १ ला केलेल्या प्रयोगात "काही पेशींत प्रथिन दिसत नाही" ही बातमी नव्हे.

स्थिरीकरण: ताजं ४% पॅराफॉर्माल्डिहाइड, पीएच ७.४, १५ मिनिटं. १६ तासांनंतरच्या पेशी असतील तर माध्यम काढूच नका, तेवढ्याच आकारमानाचं ८% द्रावण अलगद वरून सोडा. मग ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड १० मिनिटं, नाहीतर उरलेल्या अल्डिहाइडमुळे सगळीकडे हिरवट धुकं. ०.१% ट्रायटन (पटलांना भोकं पाडणारा साबण) ५ ते १० मिनिटं. त्यापुढे अडवणूक (प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा भरणं), पहिला प्रतिपिंड तासभर, तीन धुण्या, पहिल्याला पकडणारा, रंग लावलेला दुसरा प्रतिपिंड ४५ मिनिटं, डॅपी (डीएनए रंगवणारा रंग), माउंट. प्रतिपिंडाचं प्रमाण कुणाच्या पेपरातून उचलू नका. १:१००, १:३००, १:१००० अशा तीन काचा करा, आणि न संक्रमित केलेल्या पेशीची काच प्रत्येकीच्या शेजारी.

पेशीपृष्ठावरचं जीडी वेगळं पाहायचं असेल तर "ट्रायटन गाळला" एवढं पुरत नाही, पॅराफॉर्माल्डिहाइडनेच काही पेशींना भोकं पडतात. जिवंत पेशी बर्फावर ठेवा, प्रतिपिंड थंडीतच लावा, धुवा, मग स्थिर करा.

---

शून्यप्रहर

काचपट्टी, पद्धत उत्तम, पण "अडवणूक" या एका शब्दावरून तुम्ही घसरून गेलात आणि सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे.

संक्रमित पेशीवरची जीई आणि जीआय ही जोडी प्रतिपिंडाचं शेपूट, म्हणजे एफसी भाग पकडते. माणसाचा आणि सशाचा आयजीजी (रक्तातला मुख्य प्रकारचा प्रतिपिंड) ती पकडते, उंदराचा नाही. म्हणजे सशाचा कुठलाही प्रतिपिंड, अगदी लसणाविरुद्धचा असला तरी, संक्रमित पेशीवर चिकटेल आणि कोऱ्या पेशीवर चिकटणार नाही. "कोऱ्या पेशीत काही नाही, संक्रमित पेशीत लख्ख" हा नेहमीचा पुरावा इथे पुरावाच राहत नाही. आणि दिसणार कुठे? जिथे जीई असतं तिथे: गॉल्जीच्या आसपास, पेशीपृष्ठावर, पेशींच्या सांध्यांवर. म्हणजे नेमकं आवरणाच्या प्रथिनासारखं चित्र.

उपाय तीन. शक्यतो उंदराचे मोनोक्लोनल (एकाच ठिकाणाला चिकटणारे, एकसारखे प्रतिपिंड) वापरा. सशाचाच हवा असेल तर १०% मानवी सीरमने आधी जागा भरा, पण ते सीरम हर्पीसचे प्रतिपिंड नसलेल्या माणसाचं हवं. प्रौढांपैकी पुष्कळांना सिम्प्लेक्स-१ होऊन गेलेला असतो, आणि तसलं सीरम तुम्ही शोधताय त्याच प्रथिनांवर बसून वाट अडवेल. तिसरं, दुसरा प्रतिपिंड शेपूट कापलेला, एफ-एबी-दोन प्रकारचा घ्या. आणि नियंत्रण म्हणून संक्रमित पेशींवर सशाचा असंबद्ध आयजीजी, त्याच प्रमाणात. ही काच नसेल तर बाकीच्या काचा बघायला मी तरी बसणार नाही.

---

काचपट्टी

मान्य, घाई झाली. जीई काढून टाकलेला विषाणू उपलब्ध असेल तर तोही नियंत्रण म्हणून चालेल, पण त्याचं आवरण चढणं आणि पेशी-ते-पेशी पसरणं मुळातच बिघडलेलं असतं, त्यामुळे तुलना जपून.

---

मिठाचा_खडा

मिथेनॉल का नाही वापरत? उणे २० °से., पाच मिनिटं, स्थिरीकरण आणि छिद्रं एका फटक्यात. स्वस्त आणि मस्त.

---

अणुरेणू

स्वस्त खरं, मस्त नेहमीच नाही. व्हीपी२२ चा किस्सा याच भांड्यातला. १९९७ मध्ये इलियट आणि ओ'हेअर यांनी दाखवलं की यूएल४९ चं व्हीपी२२ हे टेग्युमेंटमधलं प्रथिन एका पेशीतून शेजारच्या पेशींत जातं आणि त्यांच्या केंद्रकात जमतं. प्रथिनं पेशीत पोचवायचं वाहन म्हणून त्याच्यावर उड्या पडल्या. २००१ मध्ये लुंडबर्ग आणि योहान्सन यांनी दाखवलं की केंद्रकातलं ते जमणं स्थिरीकरणातून उपजू शकतं. मिथेनॉलने पटलं विरघळतात, व्हीपी२२ धन भाराचं असल्याने सुटून जवळच्या केंद्रकातल्या डीएनएला जाऊन चिकटतं. जिवंत पेशीत तसं दिसत नाही.

संक्रमित पेशीत व्हीपी२२ आधी मुख्यतः सायटोप्लाझ्मात, नंतर केंद्रकातही, असं चित्र आहे. पण त्यातलं केंद्रकाचं प्रमाण मिथेनॉलच्या काचेवरून मोजू नका.

---

मिठाचा_खडा

म्हणजे मिथेनॉल वर्ज्य?

---

शून्यप्रहर

सरसकट नको. कॅप्सिडच्या काही प्रतिपिंडांना प्रथिन थोडं उलगडलेलं लागतं, तिथे पॅराफॉर्माल्डिहाइडने काहीच दिसत नाही आणि मिथेनॉलने दिसतं. दोन्हींनी करा आणि दोन्हींत जे टिकतं तेच बोला. एवढं लक्षात ठेवा की मिथेनॉलने जीएफपी (स्वतः हिरवं चमकणारं प्रथिन) चा उजेड मरतो आणि फॅलॉइडिन (पेशीचे अॅक्टिन तंतू रंगवणारं द्रव्य) बसत नाही, त्यामुळे व्हीपी२६ ला जीएफपी जोडलेला विषाणू असेल तर तो मार्ग बंद. असे विषाणू १९९८ पासून आहेत, कॅप्सिडची वाट जिवंत पाहायला सोयीचे. त्यांतही केंद्रकात मोठे गोळे दिसले की लगेच "बांधणीचा कारखाना" म्हणू नये, जोडप्रथिनाचा लगदाही तसाच दिसतो. जोडणी न केलेल्या विषाणूत व्हीपी५ चा प्रतिपिंड लावून पडताळा.

---

तळटीप

केंद्रकातून कॅप्सिड बाहेर काढणाऱ्या यूएल३४ चं केंद्रकाच्या कडेला कडं दिसतं ते आतल्या पटलावर की बाहेरच्या? चित्रावरून कसं ठरवायचं?

---

पेशीपुराण

साध्या सूक्ष्मदर्शकातल्या चित्रावरून ठरत नाही. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, दोन पटलांमधलं अंतर काही दशक नॅनोमीटर. दोन्ही पटलं त्यात एकच रेघ. तीच गोष्ट कॅप्सिडची: १२५ नॅनोमीटरचं कॅप्सिड ठिपका म्हणून दिसतं, पण ठिपका एका कॅप्सिडचा की तिघांचा, आवरण असलेल्याचा की नसलेल्याचा, हे सांगता येत नाही. तिथे सोन्याचे कण लावलेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा.

एक मधला मार्ग आहे. ट्रायटनऐवजी डिजिटोनिन, ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, बर्फावर ५ मिनिटं. ते कोलेस्टेरॉल असलेल्या बाहेरच्या पेशीपटलाला भोकं पाडतं, केंद्रकाचं पटल बहुतांशी शाबूत ठेवतं. मग प्रतिपिंडाला केंद्रकाच्या आतलं दिसत नाही. यूएल३४ चा मोठा भाग आतल्या पटलावर केंद्रकाच्या आत तोंड करून असतो, त्यामुळे ट्रायटनमध्ये दिसणारं कडं डिजिटोनिनमध्ये गेलं तर ते आतलं. सोबत लॅमिनचा (केंद्रकाच्या आतल्या पटलाला लागून असलेल्या जाळ्याच्या प्रथिनाचा) प्रतिपिंड हवाच, आणि तो डिजिटोनिनच्या काचेवर कोरा यायला हवा. लॅमिन दिसलं तर काच फेका. उशिराच्या तासांना हे करू नका, तेव्हा लॅमिनचं जाळं विषाणूनेच सैल केलेलं असतं.

अवांतर: यूएस३ हे काइनेज नसलेल्या विषाणूत पटलांमधल्या जागेत कण अडकून फुगे तयार होतात. प्रकाशातही कड खडबडीत, गाठी-गाठींची दिसते. जागेबद्दल प्रकाशचित्र काहीतरी ठाम सांगतं अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

---

चोथा_पाणी

पेशी फोडून केंद्रक आणि सायटोप्लाझम वेगळं करून ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखणं) केला तर हे सगळे डोळ्यांचे भ्रम टळतात ना?

---

काचपट्टी

दुसरे भ्रम येतात. ०.५% एनपी-४० या साबणाने पेशी फोडल्या की केंद्रकाचं बाहेरचं पटल आणि त्याला लागून असलेलं जाळं कधी इकडे जातं, कधी तिकडे. १२ तासांनंतरची केंद्रकं नाजूक असतात, पिपेटने दोनदा जास्त ओढलं की आतला माल बाहेर. लॅमिन बी१ (केंद्रकाची खूण) आणि जीएपीडीएच (सायटोप्लाझ्माची खूण) दोन्ही भागांत तपासल्याशिवाय आकडे देऊ नका.

कॅप्सिडच वेगळी करायची असतील तर २० ते ५०% सुक्रोजचा उतार, म्हणजे खाली दाट होत जाणारं द्रावण. १८ ते २० तासांच्या केंद्रकांचा अर्क, मीठ ५०० मिलिमोलर, वर ठेवून साधारण २४ हजार फेऱ्यांवर १ तास, ४ °से. ला. खालून उजेड टाकला की तीन पांढुरके पट्टे: वर ए म्हणजे रिकामी, मध्ये बी म्हणजे पाड असलेली, खाली सी म्हणजे डीएनए भरलेली. अर्क चिकट झाला असेल तर पेशींचा डीएनए मोकळा झालाय. डीएनेज घाला, थोडं सोनिकेशन करा, नाहीतर पट्ट्यांऐवजी एक लोंबणारी शेंबडी तार मिळते.

जेलवर व्हीपी५ तिन्ही पट्ट्यांत येतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. व्हीपी२२ए हा पाड फक्त बी मध्ये. व्हीपी२६ अवघं १२ किलोडाल्टनचं, ८% जेलमधून खालून निघून जातं आणि मग लोक "आमच्या कॅप्सिडला व्हीपी२६ नाही" म्हणतात. त्याच्यासाठी १५% जेल आणि ०.२ मायक्रॉनचं पटल.

---

कांदेनवमी

हर्पीस घराण्यातल्याच सायटोमेगॅलो विषाणूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. २३५ हजार बेसजोड्या, चाल संथ, फायब्रोब्लास्टमध्ये ७२ ते ९६ तास द्यावे लागतात. तिथे उशिरा केंद्रकाशेजारी गॉल्जी आणि एंडोसोम यांची एक गोल जुळणी-जागा तयार होते, केंद्रक तिच्याभोवती वाकून मूत्रपिंडाच्या आकाराचं होतं. त्याची टेग्युमेंट प्रथिनं अशी: पीपी२८ तिथे, पीपी१५० कॅप्सिडसोबत केंद्रकातून तिथे, पीपी६५ सुरुवातीला जवळजवळ पूर्ण केंद्रकात आणि उशिरा बाहेर. एका काचेवर पीपी६५ आणि पीपी२८ लावले की संसर्ग किती पुढे गेलाय ते एका नजरेत कळतं.

प्रत्यारोपणाच्या रुग्णांत पीपी६५ ची रक्तचाचणी याच गुणावर होती: रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींच्या केंद्रकात पीपी६५ दिसलेल्या पेशी मोजायच्या. नमुना काही तासांत तपासावा लागतो, न्यूट्रोफिल टिकत नाहीत, आणि त्या कमी झालेल्या रुग्णात मोजायलाच काही उरत नाही. पीसीआरने ती मागे पडली ती यामुळेच.

शून्यप्रहर यांचा खड्डा इथेही आहे बरं का. सायटोमेगॅलोचे एफसी पकडणारे जीपी३४ आणि जीपी६८ वेगळेच आहेत.

---

शून्यप्रहर

नागिणीच्या विषाणूचं जीईही एफसी पकडतं, आणि तिथे आणखी एक भोवरा आहे. माणसाच्या चेतागाठींत सुप्त अवस्थेत विषाणूची प्रथिनं दिसतात असे बरेच निष्कर्ष होते. २०१२ मध्ये लक्षात आणून दिलं गेलं की उंदराच्या जलोदरातून काढलेल्या काही प्रतिपिंडांत आणि सशाच्या काही सीरममध्ये रक्तगट ए विरुद्धचे प्रतिपिंड मिसळलेले असतात, आणि ए रक्तगटाच्या माणसाच्या चेतापेशीत ते गॉल्जीसारखं सुबक चित्र देतात. विषाणू असो वा नसो. मानवी ऊतींवर काम करणार असाल तर दात्याचा रक्तगट विचारून घ्या, आणि ओ गटाचा एक नमुना ठेवा.

---

तळटीप

शेवटची शंका. व्हीपी५ चा एक मोनोक्लोनल केंद्रकात काही दाखवतच नाही, पण ब्लॉटवर पट्टा जाड. प्रतिपिंड खराब?

---

अणुरेणू

बहुधा नाही. ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं, कॅप्सिडमध्ये तोच भाग शेजाऱ्यांच्या मध्ये दाबलेला किंवा व्हीपी२६ खाली झाकलेला असतो. उलटेही असतात: ८एफ५ सारखा प्रतिपिंड हेक्सॉनच्या घडीतलं व्हीपी५ ओळखतो, म्हणून ब्लॉटवर त्याच्याकडून काही मागू नका. तुमच्या काचेवर स्थिर केल्यानंतर ६ मोलर ग्वानिडीन ५ मिनिटं देऊन नीट धुवा आणि मग प्रतिपिंड लावा. केंद्रक उजळलं तर प्रतिपिंड चांगला आहे, जागा झाकलेली होती. शेजारी कोऱ्या पेशींची काच तशीच ग्वानिडीन देऊन ठेवा, त्याने पार्श्वभूमीही वाढते.

---

तळटीप

आभार. उद्या दोन्ही काचा लावतो.